घुंगराचा पट्टा की गॅलरीला जाळी?

बुलबुलाची पिल्लं घरट्याबाहेर पडली की पहिले काही दिवस धड उडत नाहीत, झुडपात खालीच धडपडतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मनी मांजरीनं त्यातलंच एक आणून पायरीवर ठेवलं. अंगात अजून ऊब होती, मानेवरची पिसं ओली झाली होती. त्यानंतर तिची शिकार थांबवायला मी पट्टा आणि जाळी, दोन्ही उपाय करून पाहिले.

घुंगराचा पट्टा स्वस्त, सोपा. पण दबा धरून बसलेली मांजर हलतच नाही, तर घुंगरू वाजणार कुठून? आणि वाजलं तरी न उडणारं पिल्लू जाणार कुठे? इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासातही घंटीचा ठळक परिणाम दिसला नाही. भडक रंगाच्या कापडी गळपट्ट्यानं मात्र मांजरांनी घरी आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी घटले. पट्टा घालायचाच तर ताण पडल्यावर आपोआप सुटणारा घ्या, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो.

जाळी लावून मनीला घरात ठेवलं, तेव्हा पहिले आठ-दहा दिवस ती दाराशी रडायची. माझाही जीव तुटायचा. दोरीला चिंधी बांधून रोज दहा मिनिटं खेळवायला लागले, तशी निवळली. त्याच अभ्यासात रोज ५ ते १० मिनिटांच्या खेळानं घरी येणारी शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली होती, तीही मांजरं बाहेर मोकळी असताना.

माझा कौल जाळीलाच. जिथे दारं दिवसभर उघडी असतात, तिथे निदान विणीच्या दिवसांत पहाटे आणि तिन्हीसांजेला तरी मांजर आत घ्या. यंदाही जास्वंदीत घरटं आहे. मनी खिडकीतल्या फळीवर बसून ते बघत असते.