युद्धभरतीच्या पोस्टरांचा संच: छपाई उत्तम, पण साल कुठे आहे?

पहिल्या महायुद्धातल्या भरतीच्या पोस्टरांच्या प्रतींचा हा संच मी ऑनलाइन मागवला, रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना दाखवायला. ए-थ्री आकार, जाड मॅट कागद. पार्सल ऐन आषाढात आलं, तरी आत प्लास्टिकचं वेष्टन असल्यामुळे कागद कोरडे राहिले. छपाईला पैकीच्या पैकी गुण. ब्रिटनचा तेव्हाचा युद्धमंत्री लॉर्ड किचनेर याचं रोखलेलं बोट शेवटच्या बाकावरूनही अंगावर येतं.

मुलं सगळ्यात जास्त रेंगाळली ती चित्रकार सॅव्हिल लमलीच्या १९१५ च्या ब्रिटिश पोस्टरपाशी. बाप खुर्चीत बसलाय. मांडीवरची मुलगी पुस्तक उघडून विचारतेय, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत? खाली जमिनीवर मुलगा खेळण्यातले शिपाई मांडतोय. बाप मुलीकडे बघतच नाही, समोर बघतो. रंग इतके नीट उतरलेत की त्याचं अवघडलेपण लपत नाही. एका मुलीने मला विचारलं, "बाई, हा लढायला गेलाच नव्हता का?" पोस्टर काढणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. युद्ध चालू असतानाच, पुढे कधीतरी वाटणारी लाज त्यांनी घराघरांत आणून ठेवली.

तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल. एकाही चित्राखाली साल नाही आणि सगळी पोस्टरं 'स्वेच्छाभरती' या एकाच मथळ्याखाली घातली आहेत. हे साफ चुकीचं आहे. किचनेरचं पोस्टर १९१४ चं. तेव्हा ब्रिटनमध्ये सक्ती नव्हती, माणसाला पटवावंच लागायचं. जानेवारी १९१६ च्या कायद्याने १८ ते ४१ वयाच्या अविवाहितांना लष्करी सेवा सक्तीची झाली, मे महिन्यात विवाहितांनाही. अंकल सॅमची, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याच्या पोस्टरची, गोष्ट वेगळी. चित्रकार जेम्स माँटगोमेरी फ्लॅगने त्याला स्वतःचा चेहरा दिला आणि १९१७-१८ मध्ये त्या पोस्टरच्या ४० लाखांहून जास्त प्रती निघाल्या. पण तिथे सक्तीच्या भरतीचा कायदा १८ मे १९१७ लाच झाला होता! भिंतीवरचा म्हातारा 'मला तू हवा आहेस' म्हणत होता तेव्हा सरकार तरुणांची नावं नोंदवून घेतच होतं. सालच दिलं नाही, तर विनवणी कुठली आणि हुकूम कुठला हे मुलांना कळणार कसं?

हिंदुस्थानचं एकही पोस्टर यात नाही, हे मला फार लागलं. त्या युद्धात आपली १३ लाखांच्या आसपास माणसं सामील झाली, त्यांत कोकणातलीही होती. आपल्यावर कायद्याची सक्ती नव्हती, पण पंजाबात शेवटच्या दोन वर्षांत भरतीसाठी गावोगाव दांडगाई झाली. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी सहकार्याबरोबर स्वराज्याचाही विषय काढला, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवलं आणि टिळक सभा सोडून निघाले. टिळकांचं जन्मघर आमच्याच गावात आहे. मुलांना हा धागा लगेच सापडतो, फक्त समोर एक चित्र हवं.

शाळांनी संच जरूर घ्यावा, माहितीपत्रक मात्र मुलांच्या हाती देऊ नये. मी प्रत्येक पोस्टरखाली सालाची चिठ्ठी चिकटवली आहे आणि तीच यादी विक्रेत्यालाही पाठवली आहे. नव्या पत्रकात ती छापली, तर शेजारच्या शाळेसाठी आणखी एक संच मागवीन.