संत्र्याच्या लाकडातले भुंगे आणि गच्चीवरची काळी पेटी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, मग ज्याला वाचायचं त्याने पुढे वाचावं. जेवणाला धूर द्यायच्या लाकडातले भुंगे उन्हाच्या उष्णतेने मारायला मी ही पेटी केली. एप्रिल-मेमध्ये ती लाजवाब आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्यात पापडही वाळत नाही. आणि पेटीतून काढलेलं लाकूड नीट ठेवलं नाही, तर केलेली सगळी मेहनत दोन महिन्यांत पुन्हा भुसा होऊन खाली पडते. हे तिसरं मला सगळ्यात उशिरा कळलं.

नागपूरच्या मानेवाड्यात आमच्या गच्चीवर २०० लिटरच्या ड्रमचा स्मोकर आहे, म्हणजे लाकडाच्या धुरावर पदार्थ शिजवायची भट्टी. रविवारी चिकन, कधी पनीर, हिवाळ्यात भरिताची वांगी, आणि एकदा भिवापुरी मिरच्या (शेजाऱ्यांनी त्या दिवशी खिडक्या लावून घेतल्या, तो विषय वेगळा). लाकूड बहुतेक संत्र्याचं. काटोलकडे मावसभावाची बाग आहे, तिथून फुकट येतं. धूर सौम्य, किंचित गोडसर. बाभूळ मला कोळशापुरती बरी वाटते, धुरासाठी फार उग्र.

फेब्रुवारीत भावाने सहा पोती पाठवली. मी ती गच्चीच्या जिन्याखाली रचली आणि विसरलो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई झाडू मारताना म्हणाली, "अरे, हे पीठ कुठून सांडतं रोज?" खाली बसून पाहिलं तर प्रत्येक ओंडक्याखाली फिकट पिवळ्या पिठाचे बोटाच्या पेराएवढे ढीग. बोटावर घेतलं तर टाल्कम पावडरसारखं मऊ. लाकडाला टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं, दीड-दोन मिलिमीटरची. काही ओंडक्यांना मोठी, पेन्सिलीच्या शिशाहून जाड. म्हणजे दोन जातींचे पाहुणे आले होते. मऊ पीठ पाडणारा तो लिक्टस, इंग्रजीत ज्याला पावडर पोस्ट बीटल म्हणतात. मोठी छिद्रं पाडणारा त्याचा दांडगा भाऊबंद.

दोष भावाचा नव्हता. त्याने पाठवली होती ती सल, म्हणजे बहार तोडून झाल्यावर झाडावरून काढतात त्या वाळलेल्या फांद्या. वाळकी फांदी झाडावर असतानाच भुंग्यांचं घर झालेली असते. मी किडे बागेतूनच पोत्यात भरून आणले होते.

पहिला सल्ला अर्थातच औषधाचा. पेस्ट कंट्रोलवाला बघून गेला, म्हणाला एक स्प्रे मारतो, वर्षभर चिंता नाही. मी म्हटलं, भाऊ, हे लाकूड जाळून त्याचा धूर मी कोंबडीला देणार आहे. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "मग बोरिक मारा, ते तर कॅरमवर पण टाकतात." नाही. बोरिक काय, रॉकेल काय, जळकं ऑइल काय, डांबर गोळ्या काय, जे लाकडात मुरतं ते धुरात आणि राखेत येतं. धान्यात टाकतात त्या गॅसच्या गोळ्या तर कुणी सुचवल्या तरी घरात आणू नका. त्यातून फॉस्फिन निघतो आणि बंद जागेत तो माणसं मारतो. पिसवा आणि पेरूचं रोप यांना जी औषधं चालतात, ती धुराच्या लाकडाला चालत नाहीत, एवढी गाठ मारून ठेवा.

एका वखारीत तर गंमत झाली. बाभळीचे ठोकळे घ्यायला गेलो, तर मालक अभिमानाने म्हणाला, "आपल्याकडचं सगळं औषध मारलेलं असतं साहेब, कीड लागणार नाही." दारं-खिडक्या करणाऱ्याला ही खुबी. मी गाडी वळवली. पॅकिंगच्या पेट्यांची लाकडंही तशीच. त्यावर शिक्का असतो, एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या गॅसमधून काढलेलं. पण शिक्का एचटीचा असला तरी लाकूड बहुधा पाइनचं असतं, त्याच्या राळेचा धूर कडू आणि काजळ धरणारा. तेही बाद.

आणि एक गोष्ट, जी संत्र्याच्या बागेबाहेरच्या माणसाला सुचणारच नाही. संत्र्याच्या खोडाला डिंक्या रोगासाठी बोर्डो पेस्ट फासतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. जमिनीपासून कमरेपर्यंत खोड निळसर पांढरं दिसतं ते त्यामुळेच. मोरचुदात तांबं असतं. साल खाणाऱ्या अळीच्या बिळात औषधाचा बोळा कोंबून वरून चिखल लावण्याचीही पद्धत आहे. उपटलेल्या झाडाचं खोड दिसायला सगळ्यात देखणं असतं, जाड, घट्ट, पिवळंधम्मक. ते मी आता घेतच नाही. भावाला सांगून ठेवलंय की धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, जी दोन-तीन झाडं फवारणीतून सुटतात, त्यांच्या मनगटाएवढ्या फांद्या दे. घरी आणल्यावर मी साल पूर्ण सोलतो. एक तर वरची फवारणी सालीवरच बसलेली असते, आणि दुसरं म्हणजे कितीतरी किडे साल असेल तरच टिकतात. भाऊ हसतो. "दादा, आम्ही हेच चुलीत घालतो, तुम्ही त्याला आंघोळ घालता काय?"

तर उरला एकच उपाय, उष्णता. निर्यातीच्या पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसपीएम १५. त्यात लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं धरावं लागतं. जळाऊ लाकडासाठी अमेरिकेत त्याहून कडक धरतात, ६० अंश, ६० मिनिटं. मी दुसरा आकडा धरला. ज्या गावात मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथे विजेवर पैसे का घालायचे?

इतवारीतून पत्रा कापून आणला आणि ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पेटी करून घेतली. चार फूट लांब, दोन रुंद, दीड फूट खोल, आतून बिनचमकीचा काळा रंग, वर ५ मिलिमीटरची काच. नव्या रंगाचा वास उष्णतेने लाकडात उतरू नये म्हणून लाकूड घालण्याआधी रिकामी पेटी आठ दिवस उन्हात तापवली, वास पूर्ण जाईपर्यंत. खर्च ३,८०० रुपये. सोबत सळईचा थर्मामीटर ६५० आणि दोन टोकांचा ओल मोजायचा मीटर ९००.

पहिली चूक थर्माकोलची. फॅब्रिकेटरने बाजूंना तो भरला होता, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो आक्रसून चुरमुऱ्यासारखा झाला. मग भंडाऱ्याकडून येणाऱ्या तांदळाच्या गाडीवाल्याकडून दोन पोती धानाचं तूस घेतलं आणि भिंतींच्या पोकळीत ठासलं. ते आजपर्यंत टिकलंय.

आता आकडे. मेमध्ये दुपारी बाराला आतली हवा ७० पार जायची, दोनला ८२ पर्यंत पाहिली. पण हवेच्या आकड्यावर भुलू नका. लाकूड उष्णता फार सावकाश आत घेतं. सगळ्यात जाड ओंडक्याला मध्यापर्यंत ड्रिलने भोक पाडून मी त्यात सळई ठेवायचो. हवा ७५ असताना अडीच इंची ओंडक्याचा गाभा ४८ वर रेंगाळत होता. त्याला ६० व्हायला पावणेतीन वाजले, आणि साडेचारपर्यंत तो त्याच्या खाली आला नाही. एवढं पुरतं. तीन इंचांच्या वरचा ओंडका एका दिवसात होत नाही, तो फाडून घ्या. मेच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे काच आडवी ठेवली की पुरे. फेब्रुवारीत मात्र पेटीखाली विटा घालून दक्षिणेकडे कलवावी लागेल.

सहा पोती अशी अकरा दिवसांत निघाली. पहिल्या खेपेनंतर पेटीच्या तळाशी मेलेले भुंगे मोजले, सदतीस. तांबूस तपकिरी, तिळापेक्षा थोडे लांब. आईने ते कागदावर घेऊन बाबांना दाखवले, बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे आपल्या दिवाणात तर नाहीत ना?" तेव्हापासून लाकूड घरात आणणं बंद. त्यांची शंका चुकीची नव्हती, हे भुंगे बांबू आणि फर्निचरच्या कच्च्या लाकडातही शिरतात.

पेटीचा तोटा कुणी सांगत नाही तो मी सांगतो. लाकूड जास्त वाळतं. धुरासाठी साधारण १५ ते २० टक्के ओल बरी. माझ्या मेच्या ओंडक्यांना मीटर ८ दाखवत होता. असा ठोकळा निखाऱ्यावर ठेवला की धुमसत नाही, भडकतो, आणि चिकनला धुराऐवजी चटका बसतो. पाण्यात भिजवण्याचा उपाय फोल आहे, पाणी वरच्या कातडीपुरतंच जातं आणि नुसती वाफ निघते. मी एवढंच करतो की ठोकळे मोठे ठेवतो आणि ड्रमची हवा कमी करतो. मीटरबद्दल एक सूचना, बाहेरून टोचू नका, ओंडका फाडून ताज्या तोंडावर टोचा. बाहेर १२ आणि आत २४ असं मला कितीदा दिसलं. आणि वाळलं म्हणजे किडा मेला असंही नाही. सालीखालचे किडे ओल गेली की जातात, लिक्टस मात्र कोरड्या लाकडातच रमतो, त्याला आतला स्टार्च हवा असतो.

पावसाळ्यात पेटी झाकून ठेवली. जुलैत आलेल्या एका छोट्या खेपेसाठी ओव्हन वापरला, १०० अंश, दोन इंची तुकडे, दोन तास, समोर स्टूल टाकून बसून. चालतं, पण एका वेळी तीन किलो, आणि स्वयंपाकघरात सुतारकामाचा वास. मायक्रोवेव्हच्या नादी लागू नका. मी एकच तुकडा तीन मिनिटं ठेवला, बाहेरून कोमट आणि मधोमध धुमसत होता. घरच्यांनी त्यानंतर मला आठवडाभर त्या यंत्राला हात लावू दिला नाही.

लाकडाच्या चिप्ससाठी डीप फ्रीझर उत्तम. उणे १८ ला घट्ट पिशवीत दहा दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं. मी एकदा घाई केली आणि चिप्सला बुरशी आली. बुरशीचं, कुबट वासाचं लाकूड सरळ फेकायचं. किड्याने पोखरलेलं मात्र झटकून वापरता येतं. ते पीठ म्हणजे लाकूडच, फक्त पोकळ ओंडका झपकन जळतो.

आता साठवण, जिथे मी तोंडावर पडलो. मेमध्ये तापवलेलं अर्धं लाकूड पुन्हा जिन्याखालीच ठेवलं होतं. उष्णतेने आतले मरतात, बाहेरच्यांना कुणी अडवत नाही. जुलैत पुन्हा पीठ, शिवाय भिंतीवरून उधळीचा, म्हणजे वाळवीचा, मातीचा धागा चढलेला. मच्छरजाळी लावून पाहिली, हे भुंगे तिच्यातून सहज जातात. शेवटी धान्याची नवी कोठी आणली, २०० किलोची, घट्ट झाकणाची. घरातली जुनी घेतली नाही, कारण तिच्यात आई वर्षानुवर्षं बोरिक लावलेले तांदूळ ठेवायची. पूर्ण वाळलेले ठोकळे कोठीत, कोठी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर. आत तळाला काळा चार्ट पेपर. दर रविवारी टॉर्च मारून बघतो, काळ्यावर पिवळं पीठ लगेच दिसतं. ऑगस्टपासून कागद कोरा आहे.

नऊ महिन्यांत तीन गोष्टी बदलेन म्हणतोय. काच दोन पदरी करायची, पेटीला चाकं लावायची (दोन माणसांशिवाय ती हलत नाही), आणि सहा पोती एकदम घ्यायची नाहीत. परवा भावाचा फोन आला. आंबिया बहाराची संत्री तोडून झाली की सल काढायला माणसं लागतील, ट्रॉली भरून पाठवू का? दोन पोती म्हटलं, आणि तीही धुऱ्यावरचीच. तो म्हणाला, "बरं. साल सोलूनच पाठवू की तुमचं तुम्ही पाह्यता?"