बाईला मोफत वकील मिळतो, दाखल्याशिवाय : आमच्या तालुक्याची विधी सेवा समिती

पाचपैकी चार स्टार.

मी गावची आशा सेविका. वावराच्या धुऱ्याच्या भांडणात एका घरातल्या साऱ्यांची नावं एफआयआरमध्ये गेली, सातव्या महिन्यातल्या सुनेचंही. तिला एमसीआर झाला, म्हणजे न्यायालयीन कोठडी. सासरा वावर गहाण ठेवून वकील करायला निघाला होता, त्याला मी कोर्टातल्या विधी सेवा समितीत नेलं.

बाबूंनी आधी उत्पन्नाचा दाखला मागितला. हे साफ चुकीचं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिथल्या स्वयंसेविकेनं ठामपणे सांगितलं तेव्हा अर्ज घेतला. ती नसती तर म्हातारा तहसीलच्या रांगेत लागला असता आणि सून आतच राहिली असती.

पुढचं काम मात्र चोख. वकीलबाईंनी पहिले माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. "ताई, तारीख कोणती दिली?" असं विचारत, एकेका रकान्यावर बोट ठेवत बाळंतपणाची तारीख, हिमोग्लोबिन ८.४, वाढलेलं बीपी, सगळं जामीन अर्जात उतरवलं. नव्या फौजदारी कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ४८० मध्ये, बाईला आणि आजारी माणसाला जामीन देण्याची खास मुभा आहे. पण ती मुभाच आहे, कोर्टापुढे नीट मांडावं लागतं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा नोव्हेंबर २०२४ चा आदेशही त्यांनी जोडला. गोंदियाच्या रेल्वेतल्या गांजाच्या केसमध्ये गरोदर बाईला सहा महिन्यांचा जामीन दिला होता. तुरुंगातल्या बाळंतपणाचा परिणाम आईवरही होतो, लेकरावरही, असं कोर्टानं म्हटलं.

सुनेचा जामीन झाला. झेरॉक्सचेही पैसे घेतले नाहीत.

जामीन झालाच नसता तर, हे मी विचारून घेतलं. सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे बाळंतपण शक्यतो बाहेरच्या दवाखान्यात करायचं, जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव घालायचं नाही, आणि लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. आमच्या आशांच्या बैठकीत हे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

एक स्टार कापला तो दाखल्यासाठी, आणि बायकांच्या संडासाला कुलूप होतं त्यासाठी. तारखेला आलेली गरोदर बाई जाईल कुठे?

जाताना कार्डाची झेरॉक्स, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि एफआयआरची प्रत न्या. दाखला मागितलाच तर कलम १२ सांगा, नाहीतर तिथूनच विधी सेवेच्या हेल्पलाइनला, १५१०० ला, फोन लावा.