तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली कुत्रा चावल्याची लस: चार तारे

माझ्या नऊ वर्षांच्या लेकाला शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा पोटरीला चावला. जखमेत भरायला सासूबाईंनी तिखटाचा डबा काढला होता, तो मी बाजूला ठेवला आणि निघाले. वाटेतल्या एका खाजगी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन म्हणाले, "पाळलेला आहे ना? दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा, मग बघू." मन मानेना. तशीच गाडी तालुक्याला नेली.

इथे केसपेपर निघायच्या आधीच सिस्टरनी त्याला नळाखाली बसवलं आणि साबण लावून, घड्याळ बघून पंधरा मिनिटं जखम धुतली. पोरगं रडत होतं, माझा जीव सुईसाठी घाईला आलेला. त्या धुताधुताच म्हणाल्या, "ताई, या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, साबणानं ते फुटतं. जितका इथंच मरेल तितका मरू दे." रेबीजचा विषाणू रक्तातून नाही, नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. नसेत शिरला की शरीराच्या पहाऱ्याला तो सापडत नाही, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून लस त्याच दिवशी सुरू करायची. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण लस चालू ठेवून.

जखम खोल होती, त्यामुळे सिरमही दिलं. थेट जखमेत आणि भोवतीनं. मला बघवलं नाही, पण कारण पटलं: लसीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवेपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर सिरममधली तयार प्रतिपिंडं खिंड लढवतात.

लस दोन्ही दंडांवर, कातडीतच, बारीक फुगी येईल अशी देतात. 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. आमच्या वडिलांनी बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली होती. लेकाचं चार खेपांत झालं, आणि लसीचा एक रुपयाही लागला नाही.

एक तारा कापला तो 28 व्या दिवसासाठी. मधे तीन आठवडे जातात, तारीख फक्त कार्डावर पेनानं लिहिलेली, आठवण करणारा फोन नाही. पहिल्या तिन्ही खेपांना आमच्या पुढे रांगेत असणारे एक आजोबा शेवटच्या दिवशी दिसले नाहीत. मी सिस्टरना विचारलं, तर त्यांच्याकडे आजोबांचा नंबरच नव्हता.