एपीपीचा ऑनलाइन अर्ज: फॉर्म सोपा, दाखला अवघड

सहायक सरकारी अभियोक्ता, गट-अ. कोर्टाच्या आवारात याला सगळे एपीपीच (असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर) म्हणतात. भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते आणि अर्ज आयोगाच्या ऑनलाइन प्रणालीतूनच करावा लागतो. २०२२ च्या जाहिरातीत ५४७ पदं होती, वेतनस्तर एस-२० म्हणजे ५६,१०० ते १,७७,५०० रुपये, आणि अट होती कायद्याची पदवी अधिक पाच वर्षांची वकिली. हे परीक्षण त्या अर्जप्रणालीचं आहे, आणि तालुका कोर्टात फौजदारी कामं चालवणारा वकील ती कशी वापरेल, या अंगाने केलेलं आहे. पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत अशी ही सेवा आहे. कापलेला दीड गुण जवळजवळ सगळा अनुभवाच्या पानाचा.

आधी पद नीट ओळखा, कारण इथेच बरेच जण चुकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १८ मध्ये सरकारी अभियोक्ता आहेत, कलम १९ मध्ये सहायक सरकारी अभियोक्ता. जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त सहकारी सत्र न्यायालयात उभे राहतात. त्यांच्यासाठी जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांचं पॅनल तयार करतात आणि वकिली किमान सात वर्षांची लागते. तिथे आयोगाचा फॉर्म नसतो. एपीपी हा दंडाधिकारी न्यायालयात खटले चालवणारा, कायम सेवेतला, गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखालचा अधिकारी. पूर्वी हेच काम पोलीस प्रॉसिक्युटर पोलीस खात्यात राहून करत. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अभियोग विभाग पोलिसांपासून वेगळा करायला सांगितलं. मुलाखतीला जाणाऱ्याला हा निकाल माहीत असायलाच हवा.

आता प्रणालीकडे. नोंदणी आणि प्रोफाइलचा भाग चांगला बांधला आहे. मोबाइल आणि ईमेलची पडताळणी, मग वैयक्तिक माहिती, पत्ता, शिक्षण, अनुभव, फोटो, सही. प्रोफाइल एकदा भरलं की पुढच्या जाहिरातींना तेच कामी येतं, हा मोठा दिलासा. नाव मात्र दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच भरा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि सनद (वकिलीचा परवाना) नव्या नावाने असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा. दहावी, एलएलबी आणि सनद या तीन कागदांवर तीन वेगवेगळी नावं असलेल्या महिला वकील कमी नाहीत, आणि तो दुवा जोडायची जबाबदारी उमेदवारावरच पडते.

‘पात्रता तपासा’ हे बटण उपयोगाचं आहे, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. तुम्ही स्वतः भरलेल्या तारखा आणि पर्याय जाहिरातीच्या अटींशी ताडून ते पात्र किंवा अपात्र म्हणतं. तुमचा वकिलीच्या अनुभवाचा दाखला कुणी उघडून वाचलेला नसतो. तो वाचला जातो फार नंतर, परीक्षा देऊन झाल्यावर, आणि अर्ज बाद व्हायचा असेल तर तेव्हा होतो. वर्षभराचा अभ्यास तिथे वाया जातो.

अनुभवाचं पान नोकरदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं आहे. संस्था, पदनाम, कामाचं स्वरूप, वेतन. वकिलाला ना नियुक्तीपत्र ना पगाराची पावती. संस्थेच्या जागी ज्या न्यायालयात तुम्ही प्रत्यक्ष काम करता त्याचं नाव लिहावं, पदनाम ‘वकील’, आणि सुरुवातीची तारीख सनदेच्या तारखेच्या आधीची कधीच नसावी. सिनिअरकडे शिकाऊ म्हणून जाणं सनद येण्याआधी सुरू झालेलं असतं, म्हणून अनेक जण ती तारीख टाकतात. तो काळ वकिलीत धरला जात नाही.

हिशोब दिवसांचा असतो. समजा सनद १४ फेब्रुवारीची आहे आणि पाचव्या वर्षी अर्जाची अंतिम तारीख २७ जानेवारी पडली, तर अनुभव अठरा दिवसांनी कमी. ते अठरा दिवस कुठूनही भरून निघत नाहीत. वय मात्र जाहिरातीत दिलेल्या वेगळ्या दिनांकाला मोजलेलं असू शकतं. दोन्ही तारखा कागदावर लिहून घ्या.

दाखल्याचा नमुना जाहिरातीत सांगितला असेल तसाच हवा, आणि सही कुणाची हवी तेही तिथेच बघा. जाहिरातीने न्यायालयाचा दाखला मागितला असेल तर बार असोसिएशनचं किंवा सिनिअरचं पत्र त्याची जागा घेत नाही. चांगला दाखला असा असतो: वर जावक क्रमांक आणि दिनांक, मग वकिलाचं पूर्ण नाव, सनद क्रमांक त्याच्या वर्षासह, ‘दिनांक अमुकपासून दिनांक तमुकपर्यंत या न्यायालयात वकिली करीत आहेत’ हे वाक्य, खाली सही, पदनाम आणि गोल शिक्का. वाईट दाखल्यात ‘गेली पाच-सहा वर्षे’ असं मोघम लिहिलेलं असतं, किंवा ‘हुशार व मेहनती आहेत’ अशी स्तुती असते आणि तारखा नसतात. स्तुतीने पात्रता ठरत नाही. दोन तालुक्यांत काम केलं असेल तर दोन्हीकडचे दाखले घ्या आणि त्यांच्या तारखा एकमेकींना भिडतात का बघा. मधे चार महिन्यांची फट राहिली तर ती वजा होते.

सगळ्यात मोठी अडचण ज्युनिअरची होते, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. रोज कोर्टात उभं राहायचं, उलटतपास घ्यायचा, मुदतीचे अर्ज द्यायचे, पण वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) नाव सिनिअरचं एकट्याचं. दाखला मागायची वेळ आली की आपण काम केल्याचा कागदच हाती नसतो. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. तिथे आपलं नाव टाकून आजच बघा. यादी रिकामी आली तर पुढच्या प्रत्येक वकालतनाम्यावर आपली सही आणि सनद क्रमांक घाला, सिनिअरना स्पष्ट सांगून. दर वर्षाचा एक शिक्का पडलेला वकालतनामा आणि आपली हजेरी नोंदलेल्या दोन-तीन रोजनाम्यांच्या (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदींच्या) नकला फाईलला असल्या, म्हणजे दाखल्याचा अर्ज टेबलावर अडत नाही. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत सही मिळायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न बघता कच्चा मसुदा तयार ठेवा.

मधल्या काळात बँकेत विधी अधिकारी किंवा कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी केली असेल, तर बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार तो काळ वकिलीचा नाही. सनद तेव्हा स्थगित केलेली असायला हवी. हे लपवून तारखा सलग दाखवणं म्हणजे सरकारी वकिलाच्या पदासाठी खोटं लिहून देणं आहे.

अजून एक गोंधळ अलीकडचा. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि ती बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायला सांगितली. ते न्यायाधीशपदाबद्दल आहे. एपीपीच्या जाहिरातीला तो नियम आपोआप लागतो असं धरून तारखा भरू नका. अखिल भारतीय बार परीक्षेचं प्रमाणपत्र मात्र सनदेसोबत जोडून ठेवा.

आरक्षणाचे दावे अर्जात जसे केले तसेच राहतात, नंतर बदलून मिळत नाहीत. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास यांच्या तारखा आणि मुदती तपासा. खुल्या प्रवर्गातल्या महिलांच्या राखीव जागेसाठी नॉन-क्रीमीलेअरची अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने निघाली, तरी जुन्या माहितीवर अजूनही कितीतरी जणी तो दावा करायचं सोडून देतात. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन सगळ्यांनाच लागू: २८ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त होत असेल तर अपात्रता येते.

कागद अपलोड करताना मोबाइलने तिरका काढलेला फोटो नको. सपाट स्कॅन, राखाडी रंगात, म्हणजे फाइल हलकी होते आणि शिक्का वाचता येतो. निळ्या शाईचा फिकट गोल शिक्का काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पार उडून जातो, तो मोठा करून बघितल्याशिवाय फाइल चढवू नका. शुल्क २०२२ साली खुल्या प्रवर्गाला ७१९ आणि मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल व अनाथ उमेदवारांना ४४९ रुपये होतं. ऑनलाइन भरा किंवा चलन काढून स्टेट बँकेत. खात्यातून पैसे गेले आणि अर्जाची स्थिती बदलली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी व्यवहाराचा क्रमांक टिपून स्थिती पुन्हा पाहा. शुल्क जमा झाल्याशिवाय अर्ज धरला जात नाही, म्हणून हे काम शेवटच्या रात्रीवर ढकलू नये.

अर्ज सादर झाला की त्याची प्रत आणि शुल्काची पावती छापून घ्या, आणि ज्या मूळ दाखल्याचं स्कॅन चढवलं तोच दाखला त्यांच्यासोबत एका फाईलमध्ये लावा. मुलाखतीच्या वेळी मूळ कागद मागितले जातात तेव्हा अपलोड केलेल्या प्रतीवरचा जावक क्रमांक आणि हातातल्या कागदावरचा जावक क्रमांक एकच निघायला हवा.