स्लीप टेस्ट: घरच्या पलंगावर की लॅबच्या?

आमच्या घरात माझं घोरणं हा वर्षानुवर्षं थट्टेचा विषय होता. ती थट्टा संपली बिजासन घाटात. इंदूरहून पुण्याला निघालो होतो, सेंधवा मागे पडलं होतं, भर दुपार, आणि गाडी चालवता चालवता माझे डोळे मिटले. बायकोने मांडीवर सणसणीत चापट मारली म्हणून निभावलं. त्या रात्री ती म्हणाली, "अहो, तुमच्या घोरण्याने मला जाग येत नाही, त्याची सवय झालीय. ते मध्येच बंद पडतं ना, तेव्हा येते."

परतल्यावर डॉक्टरांनी गळ्याचा घेर मोजला, ४२ सेंटीमीटर. जीभ बाहेर काढायला लावून घसा पाहिला. (घसा किती दिसतो यावरून श्वासनलिकेची वाट जोखायची ही पद्धत शेषगिरी मल्लमपती या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडली. आपलं नाव परदेशी डॉक्टरांच्या तोंडीही असतं, हे मला उगीचच बरं वाटलं.) बीपीची गोळी चालू, वय ५४, दिवसा पेंग. शंका स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजाराची. "टेस्ट करावी लागेल. घरी करा नाहीतर लॅबमध्ये एक रात्र काढा," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. पुढे मी दोन्ही केल्या. म्हणून हा लेखाजोखा.

घरची टेस्ट दिसायला अगदी साधी. छातीवर एक पट्टा, त्यावर मोबाइलपेक्षा लहान डबी, नाकाशी ऑक्सिजनच्या नळीसारखी दुतोंडी नळी, बोटाला ऑक्सिमीटर. नाकातून हवा किती जाते, छाती किती हलते, रक्तातला ऑक्सिजन कितीवर घसरतो, नाडी, आणि तुम्ही उताणे आहात की कुशीवर, एवढं ती टिपते. बॅटरीवर चालते, त्यामुळे रात्री लाइट गेली तरी अडत नाही. दुसरा एक प्रकार मनगटावर घड्याळासारखा बांधतात, तो बोटाच्या नाडीतल्या फरकावरून अंदाज काढतो. हृदयाचे ठोके कायम अनियमित असतील, पेसमेकर असेल किंवा प्रोस्टेटसाठी अल्फा ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर तो मागवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लॅबमध्ये या सगळ्याच्या जोडीला डोक्यावर, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांना आणि छातीवर वायरी. टेक्निशियनने टेप घेऊन माझं टक्कल मापलं, पेन्सिलीने खुणा केल्या, खरखरीत जेलने कातडी घासली आणि पांढरी चिकट पेस्ट लावून एकेक चकती बसवली. त्यातच पाऊण तास गेला. वर भिंतीवर कॅमेरा. बाथरूमला जायचं तर हाक मारायची, तो येऊन एक प्लग काढतो आणि सगळा वायरींचा झुबका गळ्यात अडकवून देतो. मध्यरात्री स्पीकरवरून आवाज आला, "सर, जरा सीधे लेट जाइए." उताणं झोपल्यावर काय होतं, ते त्याला पाहायचं होतं.

आता मुद्द्याचा फरक. घरची डबी तुम्ही झोपलात की नुसतेच डोळे मिटून पडलात, हे ओळखत नाही. डोक्यावर वायरीच नाहीत, ओळखणार कशी? श्वास दर तासाला सरासरी किती वेळा अडकला किंवा मंदावला, तो आकडा या आजाराचं माप असतो: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. अडकणं म्हणजे किमान १० सेकंद. समजा रात्रीत ८४ वेळा असं झालं. डबी ७ तास चालू होती, तर तिच्या हिशेबाने १२, म्हणजे सौम्य. पण त्यातले २ तास तुम्ही तळमळत जागेच असाल, तर खरी झोप ५ तासांची आणि आकडा जवळजवळ १७, म्हणजे मध्यम. घटना त्याच, पण आजाराची पायरी बदलली. घरची टेस्ट चुकते ती बहुधा कमी दाखवण्याच्या बाजूला.

म्हणून माझं मत असं झालंय की घरच्या टेस्टचा होकार मानावा, नकार मानू नये.

माझ्या मेहुण्यांचं उदाहरण घ्या. कापड मार्केटात दुकान, वजन भरपूर, घोरणं शेजारच्या फ्लॅटपर्यंत. घरच्या टेस्टमध्ये आकडा ३८ आला. त्यांना लॅबची काय गरज? आपोआप दाब जुळवणारं सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं) लागलं आणि मामला मिटला. ज्याला मध्यम किंवा तीव्र आजार असण्याची दाट शंका आहे आणि दुसरा मोठा आजार नाही, अशा प्रौढ माणसासाठीच ही घरची टेस्ट मुळात आहे. हृदयाचं किंवा फुफ्फुसाचं जुनं गंभीर दुखणं, लकवा येऊन गेलेला, स्नायूंचा आजार, अफूवर्गातली वेदनाशामकं कायमची चालू, किंवा रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही अशी तक्रार असेल, तर सरळ लॅब. लहान मुलांनाही लॅबच.

माझं घोडं मध्येच अडलं. ज्यांच्याकडून मी डबी मागवली, त्यांचा माणूस संध्याकाळी आला, पाच मिनिटांत पट्टा कसा बांधायचा ते दाखवून गेला. रिपोर्ट आला: ९, सौम्य, वजन कमी करा. हायसं वाटलं. डॉक्टरांनी मागचं पान उलटलं आणि म्हणाले, "नाकाच्या नळीचा सिग्नल सव्वातीन तासच आहे." म्हणजे पहाटे कधीतरी नळी निसटली होती आणि मी ती गळ्यात घालून घोरत होतो. किमान ४ तासांची चांगली नोंद नसेल तर तो रिपोर्ट धरत नाहीत. आणि पहाटच नेमकी महत्त्वाची, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त. त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि श्वास सर्वांत जास्त अडकतो. रिपोर्ट मशीनने आपोआप काढला होता, कुणी माणसाने आलेख पाहिलेच नव्हते. मी फोन केला तर "सर, सही तो है," एवढंच उत्तर. पुढे लॅबमध्ये आकडा २३ निघाला.

लॅबमध्ये सगळं छान असतं असं मात्र नाही. परकी गादी, वायरी, त्यात आम्ही इंदुरी. ज्याची रात्र सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाऊन बाराला सुरू होते, त्याला साडेदहाला दिवे मालवून झोप म्हटलं तर काय होणार? मला दीड तास झोप नव्हती. पण लॅबला तो दीड तास जागेपणीचा आहे हे कळतं आणि तो हिशेबातून वजा होतो. शिवाय वायरींमुळे माणूस एरवीपेक्षा जास्त वेळ उताणा पडतो, त्याने आकडा थोडा फुगूही शकतो. उताणा किती आणि कुशीवर किती, हे रिपोर्टमध्ये वेगवेगळं दिलेलं असतं, ते पाहावं. एक मोठा फायदा असा की पहिल्या दोन तासांतच आकडा ४० च्या पुढे दिसला, तर उरलेल्या रात्री तिथेच मास्क लावून कुठला दाब लागतो तेही पाहून घेतात. एका रात्रीत दोन कामं.

खर्चाचं म्हणाल तर लॅब महाग, साहजिकच आहे, रात्रभर खोली आणि जागा माणूस लागतो. मेडिक्लेममधून निघेल या भरवशावर राहू नका. फक्त तपासणीसाठी भरती होणं हे पॉलिसीतल्या ठरीव वगळणुकींमध्ये येतं, कोड एक्सक्ल ०४. आधी विचारून घ्या. आणि मनगटावरच्या स्मार्टवॉचने इशारा दिला तर तो डॉक्टरकडे जायचं निमित्त समजा, टेस्ट समजू नका.

घरची करणार असाल तर शक्यतो दोन रात्रींची मागा. बोटाचं नेलपॉलिश काढा, नाकाची नळी गालावर कागदी चिकटपट्टीने नीट चिकटवा, नाक चोंदलेलं असेल तर टेस्ट पुढे ढकला. मागवतानाच विचारा की आलेख कोण वाचणार.

आता प्रश्न वहिनींचा आहे. वय ५८, घोरणं जेमतेम, पण रात्रीतून चार वेळा जाग, सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा. घरच्या टेस्टमध्ये ४, म्हणजे नॉर्मल. दादा म्हणतो, झालं, काही नाही. मला ते पटत नाही. बायकांमध्ये पुष्कळदा ऑक्सिजन फारसा न घसरता नुसती झोप मोडते आणि ते डोक्यावरच्या वायरींशिवाय दिसत नाही. वहिनींना कॅमेरा नको होता, परक्या पुरुषाने वायरी लावायला नको होत्या. पलासियाकडच्या एका लॅबमध्ये विचारलं, रात्री बाई टेक्निशियन मिळेल म्हणाले, फक्त शनिवारी. पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे. पुढून बटणांचा गाऊन न्या, आणि त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, नाहीतर एकही चकती चिकटायची नाही, एवढं बजावून ठेवलंय. तेलाशिवाय झोप कशी येणार, हा त्यांचा प्रश्न अजून कायम आहे.