आकृतीला मांडी घालता येते का? स्वस्त थ्रीडी सॉफ्टवेअरची खान्देशी परीक्षा

अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ, कानबाईच्या उत्सवाचे बॅनर, ठिबकच्या जाहिराती, शाळेसाठी छोट्या चित्रफिती अशी कामं जळगाव-धुळ्याकडे भरपूर आहेत, आणि त्यात थ्रीडी माणसं हवीच असतात. फुकट किंवा स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये ती मिळतातही. पण ती माणसं उभी राहण्यात, खुर्चीत बसण्यात, पळण्यात आणि ठोसे मारण्यात तरबेज असतात. आपल्याकडचं निम्मं जगणं जमिनीवर बसून चालतं. म्हणून इथे कसोटी एकच लावली आहे: लुगडं नेसलेली बाई चुलीपुढे मांडी घालून बसली आहे आणि खापरावर मांडे टाकते आहे. हे दृश्य कुठे, किती कष्टात उभं राहतं?

आधी निकाल. स्थिर चित्रासाठी, म्हणजे बॅनर किंवा मुखपृष्ठासाठी, डॅझ स्टुडिओ घ्या. हालचाल हवी असेल तर ब्लेंडर हे मोफत थ्रीडी सॉफ्टवेअर, त्यात माणसं बनवणारं एमपीएफबी आणि जोडीला तयार हालचाली देणारं मिक्सामो. पोझर हे असंच आकृत्यांचं सॉफ्टवेअर 1995 पासून बाजारात आहे, 2019 पासून बाँडवेअरकडे आहे आणि त्यातला चाल तयार करणारा वॉक डिझायनर आजही चांगला आहे. पण तो विकत घ्यावा लागतो, आणि आपल्या कसोटीत तो फुकटवाल्यांच्या पुढे जात नाही.

डॅझ स्टुडिओ फुकट आहे. कंपनी पैसे कमावते ती कपडे, केस, चेहरे विकून. त्यामुळे दुकानात शिरताना हात आवरावा. सुरुवातीच्या मोफत संचातली जेनेसिस 8 किंवा 9 आकृती पुरते. मांडीसाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी हिप हाड खाली आणा, पाय नंतर वळवा. जांघेचा बेंड (वाकवणं) पुढे सुमारे 80 ते 90 अंश, बाहेरच्या बाजूला 40 ते 50, आणि मग ट्विस्ट (पीळ). गुडघा 130 च्या आसपास. डाव्या-उजव्या पायाची अधिक-उणे चिन्हं उलटी असतात, म्हणून एकच पाय बसवा आणि शिफ्ट + वाय दाबून सिमेट्रीने दुसरा करून घ्या. त्यानंतर वरच्या पायाची नडगी थोडी उचलून खालच्या पायावर ठेवा. शेवटी कंट्रोल + डी दाबलं की आकृतीचा सर्वांत खालचा बिंदू जमिनीला टेकतो. तो बिंदू घोटा निघाला आणि कुल्ले अधांतरी राहिले, तर समजा जांघेचा बेंड चुकला आहे. हिप आणखी खाली ओढून ते लपवू नका, घोटा जमिनीत घुसेल.

हाडं किती वळतात याच्या मर्यादा आड आल्या की त्या काढून टाकायचा मोह होतो. मर्यादा काढल्या की नितंबाजवळची त्वचा चुरगळते. लुगड्याखाली ते झाकलं जाईल. धोतर किंवा हाफपँट असेल तर दिसेल. त्याऐवजी पेल्व्हिस थोडा मागे झुकवून कंबरेत किंचित पोक द्या. मांडी घालून काम करणारं माणूस ताठ बसतच नाही, त्यामुळे पोझ खरी वाटायला त्याने मदतच होते.

आता लुगडं. इथे सगळ्यांचीच दमछाक होते. डॅझमधलं डीफोर्स हे कापडाच्या सिम्युलेशनचं, म्हणजे कापड कसं पडेल ते गणिताने काढण्याचं, साधन कापड चांगलं पाडतं, आणि ते ओपनसीएलवर चालत असल्याने एनव्हिडियाचंच ग्राफिक्स कार्ड लागतं असं नाही. पण मांडीत पोटरी जांघेला चिकटते, मधे सापडलेल्या कापडाला जायला जागा नसते आणि सिम्युलेशन अक्षरशः फुटतं: कापडाच्या चिंध्या पडद्यावर उडतात. दोन उपाय आहेत. पहिला, थेट अंतिम पोझवर सिम्युलेशन चालवू नका. टाइमलाइन 60 फ्रेमची करा, पहिल्या फ्रेमला आकृती सरळ उभी, 30 व्या फ्रेमला मांडी, उरलेल्या 30 फ्रेम कापड स्थिरावायला. दुसरा, पोझ बसवताना पोटरी आणि जांघ यांत बोटभर फट ठेवा. कॅमेऱ्याला ती दिसत नाही, कापडाला ती पुरते.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एवढी सपाट पट्टी घेऊन सिम्युलेशनने निऱ्या घालायचा प्रयत्न करू नका. निऱ्या, काष्टा आणि पदर आधीच आकार देऊन मॉडेल करा. कमरेच्या पट्ट्यावर डायनॅमिक्सचा प्रभाव शून्य ठेवा, निऱ्यांवर अर्धवट, आणि फक्त पदर पूर्ण मोकळा सोडा. डोक्यावरचा पदर घसरत असेल तर केसांना चिकटणारी चार बोटांची कड तेवढी बांधून टाका. आयतं साडीचं पॅकेज विकत घेण्याआधी जाहिरातीतली चित्रं पाहा. सगळी उभ्या आकृतीची असतील, तर ते मांडीत टिकेल असं धरून चालू नका.

रंगाचं एक सांगायलाच हवं. गोऱ्या त्वचेचा मूळ रंग फक्त गडद केला की बाई उन्हात रापलेली न दिसता राखेसारखी दिसते, कारण त्वचेखालून झिरपणारा गुलाबी प्रकाश तसाच राहतो. ट्रान्सलुसन्सीचा, म्हणजे त्या झिरपणाऱ्या प्रकाशाचा, रंगही तांबूस-तपकिरी करा आणि त्याचं वजन थोडं उतरवा. सावळी त्वचा नीट जमली की चित्र आपलं वाटायला लागतं. यावर घालवलेला वेळ वाया जात नाही.

डॅझचा आयरे रेंडरर, म्हणजे अंतिम चित्र काढणारा भाग, मात्र एनव्हिडिया कार्ड मागतो. दृश्य कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर तो प्रोसेसरवर उतरतो आणि मिनिटांचं काम तासांवर जातं. संशय आला की हेल्प मेनूतून लॉग फाइल उघडून बघा. 4096 पिक्सेलची टेक्श्चर (पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रं) 2048 वर आणली की प्रत्येकीची मेमरी चौथाई होते. मागे बसलेल्या बायकांना, भिंतीला, भांड्यांना तेवढं पुष्कळ. नवं कार्ड घेताना वेगाच्या आधी मेमरी पाहा: 8 जीबीत दोन-तीन आकृत्या कपड्या-केसांसह बसवताना काटकसर करावी लागते, 12 जीबीत श्वास घेता येतो.

हालचालीला मात्र डॅझ कंटाळवाणा आहे. 24 फ्रेमच्या हिशेबाने एका मिनिटाला 1440 फ्रेम. एका फ्रेमला तीन मिनिटं धरली तरी 72 तास. ब्लेंडरचा ईव्ही रेंडरर तेच काम फ्रेममागे काही सेकंदांत करतो.

ब्लेंडरमध्ये एमपीएफबी हे मोफत एक्स्टेन्शन टाकलं की वय, वजन, बांधा यांच्या सरकपट्ट्यांवरून माणूस तयार होतो. बनवलेलं पात्र व्यावसायिक कामात वापरायला आडकाठी नाही. डॅझचा साधा परवानाही चित्र आणि व्हिडिओ विकायला पुरतो, पण तीच आकृती गेममध्ये घालायची तर वेगळा इंटरॅक्टिव्ह परवाना लागतो. एमपीएफबीची बाई डॅझच्या बाईइतकी देखणी नसते. गुडघा पूर्ण दुमडला की तो पाइप दाबल्यासारखा चपटा होतो. हाडांप्रमाणे शरीर वळवणाऱ्या आर्मेचर मॉडिफायरमध्ये प्रिझर्व्ह व्हॉल्यूम चालू करा आणि त्याच्याखाली करेक्टिव्ह स्मूथ लावा, बरंच सावरतं.

ब्लेंडरमधल्या रिगिफायचा सांगाडा जोडल्यावर पाय आयकेमधून (पाऊल ओढलं की गुडघा आपोआप वळतो) एफकेमध्ये (प्रत्येक हाड स्वतः वळवायचं) न्या. आयकेत पाऊल नितंबाजवळ आलं की गुडघा अचानक उलट्या बाजूला उडी मारतो. मांडी घालताना हा त्रास ठरलेला. हात उलट आयकेतच ठेवा आणि त्यांचा पेरेंट धड करा, म्हणजे बाई पुढे-मागे झुलली की हातही तिच्याबरोबर जातात. मांडा हातांवर फिरवून मोठा करण्याची हालचाल मात्र कापड सिम्युलेशनने करू नका. तीन-चार शेप की, म्हणजे मांड्याचे साठवलेले आकार, बनवून हातांच्या तालावर बदला. ते आवाक्यात राहतं आणि खरंही दिसतं.

मिक्सामो अडोबीचं आहे, खातं उघडलं की मोफत. आकृतीची एफबीएक्स फाइल चढवा, हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे आणि जांघेचा सांधा यांवर खुणा ठेवा, सांगाडा आपोआप बसतो. बोटं हलवायची नसतील तर 25 हाडांचा सांगाडा घ्या, फाइल हलकी राहते. आकृती टी-पोझमध्ये (हात आडवे पसरून उभी), हात अंगापासून सुटे हवेत. गोल पातळ नेसलेली आकृती थेट चढवू नका: दोन्ही पाय एकाच घेरात असल्याने चालताना कापड मधोमध ताणलं जातं. काष्ट्याचं लुगडं यात बरंच चांगलं वागतं, कारण पाय वेगळे दिसतात. सुरक्षित मार्ग म्हणजे नुसतं शरीर चढवायचं, हालचाल उतरवायची आणि कापड ब्लेंडरमध्ये घालायचं. डोक्यावर हंडा असेल तर साधी चाल निवडा, आर्म-स्पेसची पट्टी ओढून हात कमी पसरवा आणि मानेच्या हाडाचं वर-खाली डुलणं ब्लेंडरमध्ये काढून टाका. एवढ्यानेही हंडा डुचमळेल, कारण धडही हलतं. मांडीची हालचाल मिक्सामोत शोधत बसू नका, ती हातानेच करावी लागते.

संवादाचे ओठ हलवायला ऱ्हबर्ब लिप सिंक हे मोफत साधन आहे. त्याचा नेहमीचा ओळखणारा भाग इंग्रजीसाठी आहे, पण फोनेटिक पर्याय निवडला की भाषेची अट राहत नाही, आणि अहिराणी संवादावरही तो चालतो. डब्ल्यूएव्ही फाइल द्या. मागे ढोल किंवा डफ वाजत असेल तर आधी नुसता आवाज वेगळा करा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला तोंड उघडेल.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा रेंडर रात्री लावा आणि कार्डाची वीजमर्यादा 75 ते 80 टक्क्यांवर आणा. वेग थोडाच कमी होतो, उष्णता बरीच. आणि कधीही थेट व्हिडिओ फाइल रेंडर करू नका. पीएनजी चित्रांची मालिका काढा. वीज गेली तर एकच फ्रेम बुडते. ब्लेंडरच्या आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू ठेवलं की वीज आल्यावर काम पुढून सुरू होतं. फक्त वीज गेली त्या क्षणाची शून्य आकाराची फाइल आधी पुसा. ती राहिली तर ब्लेंडर ती फ्रेम झालेली समजून पुढे जातो, आणि जोडलेल्या व्हिडिओत तिथे झटका बसतो.